पाऊण मिलिमीटरची चूक

खिशातलं एटीएम कार्ड काढा आणि त्याची कड नीट पाहा. ही जाडी जगभर ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. आता ९ मिलिमीटर पिस्तुलाचं काडतूस डोळ्यांसमोर आणा: पितळेची पुंगळी, बुडाशी दारूला पेट देणारा प्रायमर, पोटात चिमूटभर दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. अमेरिकेतल्या स्पीअर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने या काडतुसावर एक चाचणी केली आणि तिचा निकाल आपल्या हँडबुकात छापला. दारू तीच, तिचं वजन तेच, गोळीही तीच. फक्त गोळी पुंगळीत ०.७६ मिलिमीटर जास्त खोल दाबली. बार उडाला तेव्हा आतला दाब २८,००० एककांवरून ६२,००० एककांवर गेला. एका कार्डाच्या जाडीइतका फरक आणि दाब दुपटीहून जास्त.

अमेरिकेत लाखो लोक घरच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात, लाकडी बाकाला प्रेस बसवून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. त्याला तिथे हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायच्या, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. तिथे हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे मराठी घरात हे बाक दिसायचं नाही. तरीही या छंदातल्या चुका मला फार मोलाच्या वाटतात. माणसाचं लक्ष किती वेळ टिकतं आणि कुठे सुटतं, हे इतक्या काटेकोर आकड्यांत दाखवणारी दुसरी घरगुती जागा माझ्या माहितीत नाही.

गुंजेचा एकोणिसावा भाग

या बाकावर सगळं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. एका पौंडात ७,००० ग्रेन आणि एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा. हे माप आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा, आणि रुपयाचं नाणंही तेवढ्याच वजनाचं पाडलं. अमेरिकन शिकाऱ्यांच्या .३०-०६ रायफलीत फार खपणारी एक गोळी १८० ग्रेनचीच असते, म्हणजे बरोब्बर एक तोळा. तोळ्याच्या ९६ गुंजा केल्या तर एक गुंज भरते १.८७५ ग्रेन. रीलोडिंगचा साधा तराजू ०.१ ग्रेनपर्यंत वाचतो, म्हणजे सोनाराच्या गुंजेचा जवळपास एकोणिसावा भाग.

इतका बारीक तराजू शेसव्वाशे डॉलरच्या आतही मिळतो. अडचण असते ती आजूबाजूची. पंख्याची झुळूक पारड्याला लागते. इलेक्ट्रॉनिक तराजू सुरू केल्या केल्या थोडा सरकत राहतो. दांडीच्या जुन्या तराजूवरचं मोठं सरकतं वजन एक खाच पुढे गेलं तर माप एकदम पाच किंवा दहा ग्रेनने बदलतं, आणि दांडी मात्र आधीसारखीच सरळ, समतोल दिसते. म्हणून जाणकार माणूस बसल्यावर आधी ठाऊक वजनाचा ठोकळा तराजूवर ठेवून पाहतो, काम संपल्यावर पुन्हा पाहतो.

एक चूक नवख्यांकडून हमखास होते. तराजूवर ग्रॅम आणि ग्रेन बदलण्याचं एकच बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. पाच ग्रेनऐवजी पाच ग्रॅम म्हणजे ७७ ग्रेन. पण पिस्तुलाच्या पुंगळीत एवढी दारू मावतच नाही, ती तोंडातून सांडून बाकावर पसरते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. पंधरापट चूक स्वतःच ओरडून सांगते. जीव घेते ती दुपटीची चूक, कारण ती पुंगळीत निमूट मावते.

एका मिलिसेकंदात

दुप्पट दारू म्हणजे काय ते कळायला आधी एकपट दारू काय करते ते पाहू.

पेट्रोल पंपावर चाकात हवा भरताना ३२ सारखा आकडा दिसतो, तो असतो दर चौरस इंचाला पौंडांचा दाब, म्हणजे पीएसआय. अमेरिकेतली सामी ही संस्था १९२६ सालापासून काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवते. तिच्या यादीत जुन्या .३८ स्पेशल रिव्हॉल्वरच्या काडतुसाला १७,००० पीएसआयची मर्यादा आहे, ९ मिलिमीटर पिस्तुलाला ३५,००० ची आणि .३०८ रायफलीला ६२,००० ची. पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे ११ किलोमीटर खोलीवर, पाण्याचा दाब असतो साधारण १६,००० पीएसआय. मर्यादेतला, निर्धोक, रोजचा रायफलीचा बार पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्रतळाच्या जवळजवळ चौपट दाब तयार करतो. हे घडतं नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर.

हा दाब .३०८ गोळीच्या बुडावर पडतो तेव्हा जोर होतो दोन टनांहून जास्त. गोळीचं वजन समजा १६८ ग्रेन, म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम. अकरा ग्रॅमवर दोन टन! त्या क्षणी तिला मिळणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दोन लाख पट असतो. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग असतो सेकंदाला २,६५० फूट, म्हणजे तासाला २,९०० किलोमीटर. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा दर १२ इंचांत एक फेरा देत असतील, तर गोळी सेकंदाला २,६५० आणि मिनिटाला १,५९,००० गिरक्या घेते. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर जाईपर्यंत लागतो साधारण सेकंदाचा हजारावा भाग. पापणी एकदा मिटेपर्यंत असे शंभर बार एकामागून एक उडू शकतील.

आतल्या वायूचं तापमान लोखंड वितळेल इतकं असतं. ज्या पितळेच्या पुंगळीत हे घडतं ती हजार अंश सेल्सियसच्या आतच वितळायला हवी. ती वितळत नाही, कारण तापायलासुद्धा वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिला मिळत नाही.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे या दारूत ऊर्जा फार नसते. वजनाला वजन धरलं तर साखरेत तिच्या चौपट असते. फरक आहे तो वेळेचा. त्या मिलिसेकंदापुरती गोळीला मिळणारी शक्ती मोजली तर ती चार हजार अश्वशक्तीच्या वर जाते. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूडीएम-३ए हे डिझेल इंजिन ३,१०० अश्वशक्तीचं आहे.

आता मूळ मुद्दा. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ साली बिनधुराची दारू तयार केली आणि तिच्या जळण्याचा नियमही मांडला: दाब जितका जास्त तितकी ती भरभर जळते. उघड्यावर पेटवली तर ती नुसती भपकन जळून जाते. बंद पुंगळीत मात्र जळल्याने दाब वाढतो, दाबाने जळणं वाढतं आणि त्याने पुन्हा दाब वाढतो. म्हणून दारू दुप्पट झाली की दाब दुपटीवर थांबत नाही. म्हणूनच गोळी पाऊण मिलिमीटर खोल गेली, आतली जागा किंचित आक्रसली, की २८,००० चे ६२,००० होतात. इथे दोनाला दोनाने गुणून चार येत नाहीत. नवख्याचा अंदाज चुकतो तो नेमका इथेच.

एवढा खटाटोप कशासाठी

पहिलं कारण पैशांचं. काडतुसात सर्वांत महाग असते ती पितळेची पुंगळी आणि तीच पुन्हा वापरता येते. दुसरं महायुद्ध संपल्यावर हा छंद अमेरिकेत घरोघरी पोहोचला. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून सरकारकडे उरलेली ५०,००० पौंड रायफलीची दारू विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून भाड्याच्या कुरणात रेल्वेचा एक जुना डबा आणून त्यात ती भरली. पन्नास हजार पौंड म्हणजे ३५ कोटी ग्रेन. युद्धातल्या रायफलीच्या काडतुसाला पन्नासेक ग्रेन धरले तर ७० लाख काडतुसांची सोय एका डब्यात उभी होती. ती दारू त्यांनी किरकोळ गिऱ्हाइकांना विकली. आज हॉजडन हे या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक आहे.

दुसरं कारण नेमकेपणाचं. लांब पल्ल्याच्या एका प्रकारच्या स्पर्धेत १,००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला २० फुटांचा फरक पडला, म्हणजे शंभरात एकही नाही, तरी तिथे पोहोचेपर्यंत एक गोळी दुसरीपेक्षा सहासात इंच खाली लागते. वर्तुळाच्या मधोमध धरलेला नेम वर्तुळाबाहेर जायला तेवढं पुरेसं आहे. म्हणून हे नेमबाज दारू दाणा दाणा वेचून तोलतात.

आपल्या नेमबाजांची गोष्ट वेगळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे लागणारं .२२ चं काडतूस घरी भरण्यातलं नाही, कारण त्यात वेगळा प्रायमर नसून पेट घेणारं द्रव्य पुंगळीच्या कडेतच असतं. म्हणून या प्रकारातले नेमबाज कारखान्याच्या एकेका लॉटची काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जुळणारा लॉट उचलतात. कारण मात्र दोन्हीकडे एकच: एक बार दुसऱ्यासारखा व्हायला हवा.

दुप्पट दारू आणि नसलेली दारू

.३८ स्पेशल हे काडतूस १८९८ सालचं. तेव्हा त्यात काळी दारू भरत आणि ती वीस-एकवीस ग्रेन लागे. पुंगळी त्या मापाने लांब ठेवली. पुढे बिनधुराची दारू आली आणि लक्ष्यावरच्या सरावाच्या बाराला तीनेक ग्रेनमध्ये काम भागू लागलं. पुंगळी तेवढीच लांब राहिली. आज त्या पुंगळीत दारू तळाशी जेमतेम दिसते, वर भलीमोठी जागा मोकळी. त्यात दुप्पट मावते, तिप्पटही मावते. गोळी वर बसली की बाहेरून तिन्ही काडतुसं सारखीच. तराजूवर घातली तरी भरवसा नाही, कारण पुंगळ्या आणि गोळ्या यांच्याच वजनात तीन ग्रेनचा फरक सहज असतो. झाकण लागल्यावर ही चूक ओळखायचा मार्ग जवळपास उरत नाही.

म्हणून ती झाकण लागण्याआधीच पकडावी लागते. एका वेळी एक क्रिया करणाऱ्या बाकावर पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा असतो. पन्नास पुंगळ्या तोंड वर करून त्यात उभ्या करायच्या, सगळ्यांत दारू घालायची आणि मग छोटी बॅटरी तिरपी धरून ओळीने प्रत्येकीत डोकवायचं. करड्या दाण्यांची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एक पुंगळी उजळ दिसली तर दारू तोंडाच्या जवळ आलेली आहे. एकीत नुसता काळोख दिसला तर ती रिकामी आहे. डोळा वजन सांगू शकत नाही, पण एकोणपन्नासांत वेगळी असलेली पन्नासावी तो क्षणात दाखवतो. या छंदातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची तपासणी हीच.

रिकामी पुंगळी वाटते निरुपद्रवी. ती तशी नसते. दारू नसली तरी प्रायमर पेटतो आणि त्याचा जोर गोळीला पुंगळीतून सोडवून नळीत ढकलायला पुरतो. गोळी नळीतच अडकते. आवाज नेहमीचा येत नाही, फुसका येतो. नेमबाजाला वाटतं, काडतूस सर्द होतं. तो दुसरं चढवतो आणि चाप ओढतो. पुढची वाट बंद असलेल्या नळीत दुसरी गोळी पूर्ण जोराने येऊन आदळते, नळी फुगते किंवा फाटते.

याच यंत्रणेने ३१ मार्च १९९३ रोजी एका माणसाचा जीव घेतला. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन इथे ‘द क्रो’ चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. जवळून दाखवायच्या दृश्यासाठी रिव्हॉल्वरमध्ये खऱ्यासारखी दिसणारी काडतुसं हवी होती. खऱ्या काडतुसांतून गोळ्या उपसल्या, दारू ओतून टाकली आणि गोळ्या परत बसवल्या. प्रायमर मात्र तसेच राहिले. त्यांतल्या एकाने केव्हातरी पेट घेतला आणि गोळी नळीत जाऊन अडकली. नळीत कोणी डोकावलं नाही. पुढच्या दृश्यात त्याच रिव्हॉल्वरमध्ये नुसत्या आवाजाचं, गोळी नसलेलं काडतूस घातलं. त्याच्या दारूने अडकलेली गोळी बाहेर फेकली आणि ती ब्रँडन ली याच्या पोटात शिरली. ब्रूस लीचा हा मुलगा तेव्हा २८ वर्षांचा होता. दोन्ही काडतुसं वेगवेगळी पाहिली तर धोक्याची वाटत नाहीत. एकात दारू नव्हती, दुसऱ्यात गोळी नव्हती. एकामागून एक आली आणि त्यांचं मिळून एक पुरं काडतूस झालं.

यावरून एकच नियम बाकापासून मैदानापर्यंत पाळला जातो. आवाज वेगळा आला, धक्का कमी बसला, तर थांबायचं, रिकामं करायचं आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहायचं. स्पर्धेत घड्याळ चालू असलं तरी.

एकच आकडा, तीन डबे

बाजारात शेकडो प्रकारच्या दारू आहेत. काही गोल चपट्या कपच्या, काही बारीक गोळ्या, काही तुकडे केलेल्या काड्यांसारख्या. बहुतेक सगळ्या करड्या किंवा काळ्या. पिस्तुलाची भरभर जळते, रायफलीची सावकाश. पिस्तुलाची दारू चुकून रायफलीच्या पुंगळीत पूर्ण मापाने गेली तर रायफल उरत नाही.

त्यातून नावं गोंधळात टाकणारी. ४३५० हा आकडा तीन वेगवेगळ्या छापांच्या डब्यांवर आहे: आयएमआर, हॉजडन आणि ॲक्युरेट. तिघी सख्ख्या बहिणींसारख्या वाटतात, पण एकीचं माप दुसरीला चालत नाही. उलट एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही नावं निराळी असून आत दारू एकच आहे. आकडा लक्षात ठेवून डबा उचलणाऱ्याला दोन्हीकडून फसण्याची सोय. म्हणून शिस्त अशी की बाकावर एका वेळी एकच डबा, काम झालं की यंत्रातली उरलेली दारू त्याच डब्यात परत, आणि कुठली दारू आहे याची शंका आली तर ती टाकून द्यायची.

तयार काडतुसांवर चिठ्ठी न लावण्याची चूकही याच जातीची. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्या पुंगळीला आखूड करूनच बनतं आणि त्याच मॅगझिनमध्ये बसतं. गोळी मात्र ७.८ मिलिमीटरची. डबे बदलले आणि हे काडतूस .२२३ च्या रायफलीत नीट बसलं, तर ७.८ मिलिमीटरच्या गोळीपुढे ५.७ मिलिमीटरची नळी असते. अशा रायफली फुटल्या आहेत.

पितळेची वाढ

पुंगळी पुन्हा वापरता येते, पण प्रत्येक बारानंतर ती किंचित बदलते. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं हे पितळ दाबाखाली पुढे सरकतं, पुंगळी लांब होते. .३०८ च्या पुंगळीची लांबी जास्तीत जास्त ५१.१८ मिलिमीटर चालते. कापून ती त्याहून पाव मिलिमीटर आखूड करतात. सगळी सूट एवढीच. पुंगळी यापेक्षा लांब झाली तर तिचं तोंड नळीच्या सुरुवातीला अडतं, गोळीला चिमटा बसतो आणि दाब पुन्हा चढतो.

पुढे सरकलेलं पितळ कुठून तरी येतं. ते येतं बुडाच्या जरा वरच्या भागातून, आणि तिथली भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून कधी फिकट, चकचकीत कडं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. जुने लोक कागदाला लावायची टाचणीसारखी क्लिप सरळ करतात, तिचं टोक काटकोनात किंचित वाकवतात आणि पुंगळीच्या आत घालून भिंतीवरून वर ओढतात. टोक एखाद्या खाचेत अडखळलं, की ती पुंगळी संपली. तसंच वापरत राहिलं तर एके दिवशी बूड वेगळं निघतं आणि लोखंड वितळवणारा वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. डोळ्यांवर चष्मा लावण्याचा नियम त्या एका दिवसासाठी आहे.

न दिसणारे मिलिग्रॅम

सर्वांत उशिरा शिकलेला धडा स्फोटाचा नाही. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. एका लहान प्रायमरमध्ये शिसं भरतं काही मिलिग्रॅम. बार उडाला की त्याची काजळी पुंगळीत राहते. पुंगळ्या चमकवायला अक्रोडाच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भुश्यात तासन्‌तास फिरवतात, तेव्हा ती काजळी भुश्यात उतरते आणि भुसा चाळताना धूळ होऊन हवेत उडते.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ साली मुलांच्या रक्तातल्या शिशाचा इशारा-आकडा दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणला. लहान मुलाच्या अंगात सव्वा लिटर रक्त धरलं तर एकूण शिसं होतं ४४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. पुंगळ्या हजारोंनी साफ होतात. त्यातला नगण्य अंश घरातल्या सतरंजीवर पडला तरी रांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो नगण्य राहत नाही. म्हणून हे काम घरात नको, बाहेर हवं, ओल्या पद्धतीने हवं, आणि बाकावरून उठल्यावर हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

साठवणुकीलाही आकडे आहेत. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमावलीत घरात बिनधुराची दारू मूळ डब्यात २० पौंडांपर्यंत आणि प्रायमर १०,००० पर्यंत ठेवता येतात. वीस पौंड म्हणजे १,४०,००० ग्रेन. प्रायमर कंपनीच्या खणाखणांच्या डबीतच ठेवायचे. काचेच्या बरणीत एकत्र ओतले, की एक उडाल्यावर सगळे उडतात आणि काचेच्या ठिकऱ्या होतात.

दहा हजारांचं गणित

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला हिशेब. एका ओढीला एक काडतूस देणाऱ्या हाती यंत्रावर तासाला ५०० काडतुसं सहज होतात. म्हणजे प्रत्येकाला ७.२ सेकंद, आणि त्यातच जुना प्रायमर काढणं, नवा बसवणं, दारू, गोळी, तोंड आवळणं. नियमित स्पर्धा खेळणारा माणूस वर्षाला १०,००० काडतुसं भरतो असं समजू. वीस तासांचं काम.

समजा, त्याचं लक्ष हजारात एकदा सुटतं. हजारातल्या ९९९ वेळा अचूक असणारा माणूस कुठल्याही कचेरीत उत्तम समजला जाईल. इथे त्याचा अर्थ होतो वर्षाला दहा चुकीची काडतुसं.

आता दुसरी तपासणी लावा, तीही हजारातली एकच चूक सोडणारी. दोन्ही एकमेकींवर अवलंबून नसतील तर चूक निसटण्याची शक्यता दहा लाखांत एक होते. वर्षाला दहा हजारांच्या वेगाने तसा प्रसंग शंभर वर्षांत एकदा. वर्षाला दहावरून शतकात एकावर, केवळ एका जास्तीच्या नजरेने.

पण दोन्ही तपासण्या एकमेकींवर अवलंबून नसणं, ही अट फार अवघड आहे. दुसरी तपासणी तोच माणूस, त्याच थकव्यात, फोनवर बोलता बोलता करत असेल, तर जिथे पहिल्यांदा लक्ष सुटलं तिथेच दुसऱ्यांदा सुटतं. अशी तपासणी दहातल्या नऊच चुका पकडते असं धरलं, तर शंभर वर्षांतून एकदाचा प्रसंग दरवर्षी एकदा येतो. कागदावर दोन तपासण्या आहेतच. खरी मात्र एकच.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. आज तो पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत मोडतो. अशा मोठ्या कारखान्यांची सगळी रचनाच या गणितावर उभी असते: बनवणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि प्रत्येक लॉटमधली काही काडतुसं चाचणीच्या नळीतून झाडून पाहणारा आणखी वेगळा. घरच्या बाकावर या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या. म्हणून त्याला आपल्याच आत तीन माणसं उभी करावी लागतात, आणि ते जमतं फक्त सवयीने. दारू घातल्यावर थांबून, वेगळ्या उजेडात पाहणं. मध्येच कोणी हाक मारली तर अर्ध्या राहिलेल्या पुंगळ्या सरळ रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात करणं. रेडिओ बंद. थकवा आला की दिवा बंद. पुस्तकातल्या कमीत कमी मापापासून सुरुवात करून थोडं थोडं वर जाणं, आणि ऐकीव माप कधीही न वापरणं.

या सवयी कंटाळवाण्या वाटतात, कारण दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे नव्वद वेळा त्या फुकट जातात. राहिलेल्या दहांसाठी त्या आहेत, आणि ते दहा कुठले हे आधी कळायची सोय नाही. संशयाचं काडतूस मोडून गोळी उपसायला मिनिटभर लागतं आणि नुकसान होतं फार तर एका प्रायमरचं. संशयाची वीस काडतुसं मोडली तर वीस मिनिटं जातात, आणि त्यातलं एक जरी खरंच चुकीचं निघालं तरी त्या वीस मिनिटांत एक हात, एक डोळा किंवा शेजारच्या पट्टीवर उभा असलेला माणूस वाचलेला असतो. या छंदातली माणसं हा सौदा विचार न करता पटकन करायला शिकतात. जिथे चूक पाऊण मिलिमीटरची आणि किंमत आयुष्याची आहे, अशा प्रत्येक कामात तो तसाच पटकन करायला हवा.